उपवासाची कढई

जाम चौरस्त्यावर उभं राहिलं की कोण कुठे निघालं ते बसल्या जागी कळतं. एक रस्ता नागपूरकडून येतो. एक हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद करत हैदराबादला उतरतो. एक नंदोरी, वरोऱ्यावरून चंद्रपूरला जातो. गाव समुद्रपूर तालुक्यातलं, पण बाहेरच्यांना जाम म्हणजे नुसता चौक. बस थांबते, चहा मिळतो, तोंडावर पाणी मारता येतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची टपरी होती. आता पत्र्याचं का होईना, हॉटेल आहे. वर्षभर आलूबोंडा, पोहे, चहा, दुपारी झुणका-भाकर. असं विकणारे इथे बरेच. आमच्याकडे मुद्दाम गाडी थांबवून लोक येतात ते नवरात्रात, उपवासाचं खायला.

या रस्त्याच्या दोन्ही अंगांना देवी आहेत. नागपूरच्या पलीकडे कोराडीची महालक्ष्मी जगदंबा आणि खाली चंद्रपूरची महाकाली. कोराडीला नवरात्रात हजारोंनी अखंड ज्योती लागतात, नागपूरकर रात्री पायी, अनवाणी जातात. महाकालीची मोठी यात्रा चैत्रातली, तेव्हा मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणूस लोटतं, पण अश्विनातही गाड्या कमी नसतात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या बाकड्यांवरचं चित्रच पालटलं. आधी एखादी बाई नवऱ्याच्या मागे मागे उतरायची. आता आठ-दहा जणी एकत्र उतरतात, पदराच्या गाठीतले पैसे एकीकडे जमा करतात आणि 'किती प्लेट होतात ते सांगा' म्हणतात.

उपवासाची कढई आमच्याकडे वेगळी. ही शिस्त सासूबाईंची. सर्वपित्री अमावास्या झाली की माळ्यावरून पोतं खाली यायचं. त्यात कढई, सराटा, दोन गंज, एक कोपर आणि पाण्याचा डोल. सगळं राखेने आणि चिंचेने घासून उन्हात पालथं घालायचं. दसऱ्याला पुन्हा पोत्यात. त्या कढईत मधल्या वर्षभरात लग्न असो की बारसं, काही शिजायचं नाही. आलूबोंड्याच्या भट्टीपासून ही भट्टी पाच पावलं लांब, कारण बेसनाचा हात चुकूनही इकडे यायला नको. ज्या पोराने बेसन कालवलं त्याने उपवासाची प्लेटसुद्धा उचलायची नाही. सुरुवातीला मला हा जाच वाटायचा. एवढं सगळं करून सासूबाई स्वतः उपवास करायच्या नाहीत, याचं तर फारच नवल वाटायचं. घरी घट बसलेला असायचा, काळ्या मातीत धान पेरलेलं असायचं, दिवा अखंड असायचा, आणि त्या दुपारी भट्टीशेजारी बसून भाकर आणि वांग्याची भाजी खायच्या. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी उपाशी राहिली तं हात थरथरते. थरथरत्या हातानं लोकायचा उपास मोडंन." पुढे कधी त्यांनी यावर बोलणं वाढवलं नाही आणि मीही नाही.

मी स्वतः उठता-बसता करते. पहिला आणि शेवटचा. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा थोडा उतरतो. नवरात्रात साबुदाणा परतणारी बाई नऊ दिवस कडक असणार, असं त्यांनी मनात धरलेलं असतं. मी खोटं बोलत नाही. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत आगीसमोर उभं राहायचं आणि पोटात फक्त चहा, हे ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार.

साबुदाण्याचं म्हणाल तर निम्मं काम आदल्या रात्रीच होतं. दाणा दोनदा धुवायचा, पिठूळ पाणी जाईपर्यंत. मग सगळं निथळून, दाण्याच्या वर जेमतेम येईल एवढंच पाणी ठेवून झाकायचं. पहाटे चिमटीत दाबून पाहायचा. पीठ झाला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. कणी लागली तर वरून पाणी ओतायचं नाही, नुसता हबका मारून अर्धा तास थांबायचं. भिजलेल्या दाण्याला फल्लीदाण्याचं कूट, मीठ आणि साखर आधीच चोळून ठेवायची, म्हणजे प्रत्येक दाण्याला कुटाचं कोरडं अंग येतं. कूट कढईत नंतर घातलं की गोळा झालाच म्हणून समजा. तूप, जिरं, ठेचलेली मिरची, आलूच्या फोडी, मग दाणा. दाणा काचेसारखा दिसायला लागला की खाली उतरवायचा. घरात हे कुणालाही जमतं. हॉटेलात अडचण निराळी असते. बस दहा मिनिटं थांबणार आणि चाळीस माणसं एकदम येणार. झाकून ठेवलेली उसळ वाफेने चिकट होते, उघडी ठेवली की टणक. म्हणून आम्ही एका वेळी कढईत थोडीच टाकतो आणि सतत टाकतो. चंद्रपूरची गाडी नंदोरीहून निघाली की ओळखीचा कंडक्टर फोन करतो, "काकू, पस्तीस हायेत." तेव्हा कढई चढते.

हा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. कसाव्याच्या कंदाचं पीठ काढून त्याचे दाणे वळतात. श्रीनगर-कन्याकुमारी असा जो ४४ क्रमांकाचा महामार्ग आमच्या दारावरून जातो, पूर्वीचा सात नंबर, तो सेलमवरूनही जातो. सेलमकडच्या एका ड्रायव्हरने मला हे सांगितलं तेव्हा तो स्वतः इडली मिळेल का म्हणून विचारत होता. साबुदाण्याची उसळ त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती. एक प्लेट दिली. खाल्ली त्याने, पण चेहऱ्यावरून काही फार आवडली असं वाटलं नाही. कसावा, आलू, मिरची, फल्ली, रताळं, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज वगैरे लोकांनी इकडे आणलेलं. म्हणजे माझ्या सासूच्या सासूच्या सासूने जिवापाड जपलेल्या या ताटात जुनं असं काही असेल तर ती भगर, शिंगाडा आणि दूध-तूप. मला यात गंमत वाटते. गिऱ्हाइकांना सांगत नाही, उगाच कुणाचा घास अडायला नको.

गिऱ्हाईक काय विचारतं यावरून ते कुठलं आणि कसं, हे आता मला ओळखता येतं. आपल्याकडची बाई आधी तेल विचारते. "कोणतं तेल वापरून राहिल्या?" हा सगळा सोयाबीनचा पट्टा, घरोघरी सोयाबीनचंच तेल, पण उपवासाला ते पुष्कळांना चालत नाही. म्हणून नवरात्रात शेंगदाणा तेलाचा डबा आणि तूप, आणि डबा समोर दिसेल असा ठेवलेला. उत्तरेकडचा ड्रायव्हर तेलाचं विचारत नाही, मिठाचं विचारतो. त्याला सेंधा लागतं. आमच्याकडच्या बहुतेकांना साधं चालतं. म्हणून दोन बरण्या आणि दोन घाणे. हळद कुणालाच नको. सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, मात्र अवघड. एकीला सांभार चालतो, तिच्याच शेजारी बसलेल्या जावेला चालत नाही, आणि दोघींची देवी एकच. पूर्वी मी वरून टाकत असे आणि बाकड्यावर वाद रंगत असे. आता सांभार वेगळ्या वाटीत. ज्याला हवा त्याने घ्यावा. शिवाय एक तिसरी जात असते, उपवास नसणाऱ्यांची. ते धान्य खातात पण नऊ दिवस कांदा-लसूण नाही. त्यांच्यासाठी झुणका वेगळा करावा लागतो, आणि कांद्याशिवाय झुणका म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

पहिल्या काही वर्षांत मी मनातल्या मनात न्यायनिवाडा करायची. नऊ दिवस उपवास म्हणायचं आणि सकाळी उसळ, दुपारी शिंगाड्याचा शिरा, वर वेफर्स, केळी, लस्सी. हा कसला उपवास? आणि दुसरीकडे एक कॉलेजातली पोर, रोज हिंगणघाटला जाणारी, लवंगांच्या जोडीवर नऊ दिवस काढत होती. माझ्याकडे यायची, पाणी प्यायची आणि बसायची. तिच्याकडे मी कौतुकाने बघायची आणि शिरा खाणारीकडे तिरकं. मग एक दिवस त्या शिरा खाणाऱ्या बाईने सहज सांगितलं की ती सोळा वर्षांची असल्यापासून हे नऊ दिवस धरते, आणि वर्षभरात सासरच्या घरात तिच्या मनासारखं काय शिजतं तर ते याच नऊ दिवसांत. तिचा उपवास होता म्हणून तिच्यासाठी वेगळं शिजत होतं. एरवी तिचं ताट सगळ्यांच्या शेवटी आणि उरल्यासुरल्याचं. त्यानंतर मी कुणाच्या ताटाकडे तसं पाहिलं नाही. लवंगांवर राहणाऱ्या पोरीला मात्र पुढच्या वर्षी सरळ म्हटलं, "बाई, परीक्षा आहे तुझी, निदान दूध तरी घे." तिने घेतलं की नाही माहीत नाही. माझ्यासमोर घेतलं.

ड्रायव्हर लोकांचं वेगळं. अनवाणी राहण्याचा नेम धरलेले बरेच असतात. तापलेल्या डांबरावर उतरायचं, टायर बघायचे आणि पुन्हा चढायचं. एकदा दुपारी एक जण पैसे देताना नोट नीट धरू शकत नव्हता. कपाळावर घाम, बोलणं अडखळत. मी विचारलं, साखरेची गोळी घेता काय? म्हणाला, घेतो. आणि खाल्लं काय? काही नाही, व्रत आहे. गोळी चालू आणि पोट रिकामं. लिंबाच्या सरबतात चार चमचे साखर घालून पुढे केलं तर नको म्हणतो. व्रत मोडायची भीती. मी म्हटलं, "भाऊ, साखर तुमच्या व्रतात चालते, लिंबू चालतं, पाणी चालतं. यात मोडायला काय आहे?" ते मात्र त्याला पटलं. सरबत झालं, मग केळी, मग आलू. तासाभराने बरा झाला. क्लीनरला बजावलं की आज गाडी लवकर लावा. व्रताच्या माणसाला व्रत सोड म्हणून काही होत नाही, त्याच्या व्रतात काय बसतं ते शोधून द्यावं लागतं, एवढं मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून पैसे घेताना मी आधी हात बघते, मग नोट.

याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते. दोन्ही कामं एकाच पंधरवड्यात का यावीत, हे देवीलाच माहीत. बाया पहाटेच टेम्पोतून उतरतात, एकरावर हुंडा, म्हणजे कामाचा ठेका, घेतलेला असतो, म्हणून जितकं लवकर उरकेल तितकं चांगलं. त्यातल्या काहींचा अनवाणी राहण्याचा नेम. सोंगलेल्या सोयाबीनचा खुंट तिरका कापला जातो आणि खिळ्यागत उभा राहतो. संध्याकाळी चहाला थांबल्या की बाकड्यावर पाय वर घेऊन एकमेकींच्या टाचा बघत बसतात. एकीच्या टाचेतून मी स्वतः सुईने काडी काढली आहे. ती अजिबात ओरडली नाही, उलट "चहात साखर कमी हाय जी तुमच्या" म्हणाली. त्यांना महागाची उसळ परवडत नाही. उकडलेले आलू, मीठ-तिखट आणि चहा, एवढं मी त्यांना वेगळ्या भावात देते. नवरा म्हणतो, यात सुटत काही नाही. खरं आहे, नाही सुटत.

भगरीचं काम मी फार जपून करते. दर वर्षी नवरात्रात किंवा शिवरात्रीत कुठेतरी भगर खाऊन गावंच्या गावं दवाखान्यात, अशी बातमी येतेच. ओलाव्यात ठेवलेल्या भगरीला बुरशी धरते आणि तिचं विष होतं. पीठ दळून ठेवलं तर आणखी लवकर. अन्न व औषध प्रशासन दर वर्षी सांगतं की सुटी घेऊ नका, तयार पीठ घेऊ नका, तारीख बघा. आमच्या दुकानदाराला मी पोत्यातली सुटी भगर नको म्हटलं तेव्हा तो हसला होता. पाकीटबंद महाग पडते. तरीही तीच आणते, निवडते, धुते, भाजते आणि दुपारी केलेली संध्याकाळी ठेवत नाही. उरली तर गाईला. साबुदाणा बिघडला तर गिऱ्हाईक शिव्या देतं. भगर बिघडली तर त्याला ॲम्ब्युलन्स लागते.

अष्टमीला एक वेगळाच कार्यक्रम असतो, तो या रस्त्याने आम्हाला दिला. पंजाब, उत्तर प्रदेशकडच्या लोकांत त्या दिवशी लहान मुलींना देवी मानून जेवू घालतात. घरापासून हजार किलोमीटरवर असलेल्या ड्रायव्हरने मुली कुठून आणायच्या? एकाने माझ्या मुलीकडे बघून विचारलं, नऊ जणी मिळतील का? हलवा, पुरी, काळे चणे, पैसे सगळे माझे, म्हणाला. मी हॉटेलच्या मागच्या गल्लीत हाक दिली. जितक्या होत्या तितक्या आल्या, शाळेच्या ड्रेसात, एक तर कडेवर भाऊ घेऊन. एकीच्या आईने येऊन सांगितलं, "आमच्यात हे नसते, पण पुऱ्या खाऊ द्या तिले." त्या दाढीवाल्या उंच माणसाने बाटलीतल्या पाण्याने एकेकीचे पाय धुतले, आपल्या खांद्यावरच्या कापडाने पुसले. पोरी खिदळत होत्या. गुदगुल्या होत होत्या त्यांना. त्याने प्रत्येकीच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि कडेवरच्या पोरालाही दिले. पुढच्या अष्टमीला तो आला नाही, पण दुसरे दोघे आले, त्याने सांगितलं म्हणून. आता गल्लीतल्या पोरी सकाळपासूनच घिरट्या घालतात.

तेलंगणाकडच्या ड्रायव्हरांना उपवासाशी घेणंदेणं नसतं. त्यांच्याकडे याच दिवसांत बतुकम्मा, फुलांची देवी. एक जण आमच्या मागच्या धुऱ्यावरचे कुर्डूचे तुरे कापून पोत्यात भरत होता. आम्ही ते तण म्हणून उपटतो. त्याच्या घरी बायका ते रंगवून फुलांच्या थरात रचतात. मी म्हटलं, सगळं घेऊन जा.

२०२० च्या पाडव्याला, २५ मार्चला, देश बंद झाला. चैत्रातलं नवरात्र त्याच दिवशी बसलं होतं. हॉटेलला कुलूप. काही दिवसांत हैदराबादकडून माणसं चालत यायला लागली, डोक्यावर बोचकी, मुलं पाठीशी. गावातले लोक पोळ्या, भाजी, पाणी घेऊन रस्त्यावर जायचे, आम्हीही गेलो. एका गटातल्या दोघांनी पोळी घेतली नाही. मला वाटलं, आजाराच्या भीतीने घेत नसतील. मग त्यातला वयस्क माणूस हात जोडून म्हणाला की नवरात्र चालू आहे, अन्न खात नाही. इतकं चालून! मी काही बोलू शकले नाही. घरी येऊन माळ्यावरचं पोतं काढलं. अमावास्या नाही, अश्विन नाही, सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कुणास ठाऊक. त्या कढईत आलू उकडले, सेंधा मीठ घातलं, नेऊन दिले. त्याने विचारलं, बर्तन व्रत का है? हो म्हणाले. मग तो खाली बसला आणि खाल्लं. नऊ दिवस संपेपर्यंत ती कढई रोज चढली. त्या वर्षी अश्विनात देवळं बंदच होती. पुढच्या वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, उघडली, आणि त्या दिवशी आमचा साबुदाणा सकाळी नऊला संपला.

दसऱ्याला रस्त्याचा रंग बदलतो. चंद्रपूर, गडचिरोली, पांढरकवडा, आदिलाबादकडून निळे झेंडे लावलेल्या गाड्या दीक्षाभूमीकडे निघालेल्या असतात. १९५६ साली १४ ऑक्टोबरला विजयादशमी होती, त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या उतरतात, कुणाकडे घरची शिदोरी असते, कुणाला गरम काही हवं असतं. अशाच एका गटाला माझ्या मुलाने सवयीने विचारलं, उपवासाचं का साधं? एक आजी म्हणाल्या, "उपास-बिपास आम्ही करत नाही बाबू. पण उसळ मस्त दिसून राहिली, तेच दे." एका प्लेटच्या चार झाल्या. २०२५ मध्ये तर २ ऑक्टोबरला दसरा, गांधी जयंती आणि दीक्षाभूमीची गर्दी, सगळं एकाच दिवशी आलं. त्याआधी नवरात्रही नेहमीसारखं नव्हतं. तृतीया दोन दिवस आली, २२ सप्टेंबरला बसलेले घट थेट दहा दिवस राहिले. "काकू, नऊचा नेम आहे, दहाव्या दिवशी काय करू?" हे मला, एका चहावालीला, निदान पन्नास जणींनी विचारलं असेल. मी म्हणायची, भटजींना विचारा. त्या म्हणायच्या, विचारलं, ते म्हणाले घट हलेपर्यंत धरा, पण तुम्ही काय म्हणता?

मुलगा आता हाताशी आला आहे. त्याला उपवासाचा पिझ्झा करायचा आहे, राजगिऱ्याच्या बेसवर. कर म्हटलं. त्याने एक फलकही काढायला दिला होता, मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के शुद्ध उपवासाचे पदार्थ'. तो मात्र मी परत पाठवला. शुद्ध कुणाच्या हिशेबाने? सेंधावाल्याच्या, सांभारवालीच्या, की लवंगावालीच्या? बसून दोघांनी नवीन मजकूर केला. तेल शेंगदाण्याचं. तूप म्हशीचं. मीठ दोन्ही. हळद नाही. सांभार वेगळा. भगर पाकीटबंद. कढई वेगळी, बघायची असल्यास आत या. पेंटर म्हणाला, एवढी अक्षरं कोण वाचतं, आणि अक्षरं वाढली म्हणून पन्नास रुपये वरून मागितले. दिले.